ऑर्फा आत्याची हरकत

हार्लो बेंड
११ जानेवारी

प्रिय ऑर्फा आत्या,

डेल म्हणतो, "आत्याला फोन करण्यात काही अर्थ नाही. ती रिसीव्हर टेबलावर ठेवते आणि भांडी घासायला जाते." म्हणून पत्र लिहितेय. शिवाय आमच्या लग्नात तुम्हीच मला बजावलं होतंत की या खोऱ्यात बाकी सगळं तोंडी चालतं, पण पाण्याचं बोलणं कागदावरच करायचं.

तर ऐका. बागेपाशी नदीत मोठे दगड रचून आपण ज्या दोन लाटा बनवल्या, त्यांच्यासाठी गावाने डिसेंबरात पाण्याच्या न्यायालयात अर्ज केलाय. सॉरेल नदीच्या पाण्यावर हक्क मागितलाय, तोही शेतीसाठी किंवा नळासाठी नाही, नावा चालवायच्या मजेसाठी. हसू नका. कोलोरॅडोच्या कायद्यात तसा हक्क आहे, फक्त अटी फार आहेत. अर्जदार गाव किंवा जिल्हाच हवा. माझ्यासारख्या नावा भाड्याने देणाऱ्या बाईला दारातही उभं करत नाहीत. पाणी माणसाने बांधलेल्या कशाने तरी, दोन ठरलेल्या खुणांच्या मध्ये, आवरलेलं हवं. "ही बघा वाहतेय नदी" म्हणून भागत नाही. आणि मागायचं ते कमीत कमी. बिनइंजिनाच्या नावेला धड मजा यावी, एवढंच. आमच्या इंजिनिअरने ते चारशे क्युसेक काढलंय.

घाई का, ते तुम्हाला माहीत आहे. डोंगरापलीकडचं शहर वरच्या अंगाला बोगदा खणायच्या बेतात आहे, आणि इथे ज्याचा अर्ज आधी त्याचं पाणी आधी. आम्ही त्यांच्या पुढे नंबर लावलाय. हक्क मिळाला तर ते चारशे क्युसेक खाली सोडावंच लागेल. नाही मिळाला तर नदी बोगद्यातून जाईल, लाटांच्या जागी गोटे उरतील, माझं दुकान बंद पडेल आणि डेलला वायोमिंगला तेलाच्या विहिरींवर जावं लागेल. खाण बंद पडली तेव्हा गावातले निम्मे नवरे असेच गेले. मला ते नकोय, आत्या, सरळच सांगते.

तुमच्या पाटाला धक्का नाही. तुमच्या आजोबांचा हक्क १८८५ चा, आम्ही रांगेत अगदी शेवटी. आणि पाटाचं तोंड आमच्या खाली असल्यामुळे लाटांवरून गेलेलं पाणी तसंच्या तसं तुमच्याकडे येतं. तेव्हा तुमचा पाठिंबा आहे असं धरून चालते.

थीया

*

क्रेगर रँच
२० फेब्रुवारी

थीया,

सोबत एल्क हरणाच्या मांसाचं सॉसेज आहे. डेलच्या हातात सगळं देऊ नकोस, तो तव्यावरूनच संपवतो.

काल न्यायालयात जाऊन तुमच्या अर्जावर हरकत नोंदवून आले. कारकुनाने विचारलं, "बाई, कारण काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, सगळं सिद्ध करून दाखवा." त्याचा चष्मा नवा आहे, शोभत नाही त्याला.

बर्फ यंदा बरा आहे. लाल गाय व्यायली, कालवड झाली. गोठ्याच्या दाराची बिजागरी गेलीय, डेलला म्हणावं सवडीने ये.

ऑर्फा आत्या

*

हार्लो बेंड
२४ फेब्रुवारी

ऑर्फा आत्या,

सॉसेज परत पाठवतेय. डेलने त्यातलं एक खाल्लं, त्याबद्दल त्याचं त्याने बघावं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हरकत आणि कालवड एकाच दमात? मी ओहायोची. आमच्याकडे ज्याचं घर नदीकाठी त्याची नदी, आणि नदीवरून भांडण झालं तर माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात, सॉसेज पाठवत नाहीत. गावाच्या वकिलाने हरकतदारांची नावं वाचून दाखवली. शहर होतं, ते अपेक्षितच होतं. त्याच्या खाली ऑर्फा क्रेगर. सगळी समिती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं टेबलाखाली जावं.

तुम्हाला आमच्या लाटा आवडत नसतील तर तोंडावर सांगायचं होतंत. बिजागरीचं डेलला सांगितलंय. तो येईल, मी नाही.

थीया

*

क्रेगर रँच
१ मार्च

थीया,

सॉसेज पोचलं. टपालात फिरून आलेलं मांस कुत्र्यालाही देऊ नये, पण कुत्र्याने ऐकलं नाही.

तू इथे आलीस त्याला आता बरीच वर्षं झाली, मला वाटलं कोणी तरी तुला सांगितलं असेल. अगं बाई, या खोऱ्यात पाण्याचा अर्ज लागला की शेजारी हरकत घेतात. रीतच आहे ती. हरकत घेतली की प्रत्येक कागदाची प्रत घरी येते, बैठकीला खुर्ची मिळते आणि आपल्याला विचारल्याशिवाय मामला मिटत नाही. हरकत न घेणारा म्हणजे पाहुणा. त्याला कॉफी मिळते, पण विचारत कोणी नाही. माझ्या वडिलांनी गुरांच्या तळ्यासाठी अर्ज केला तेव्हा पहिली हरकत माझ्या आईची होती. दोघं एकाच गाडीतून न्यायालयात गेले आणि येताना रुबार्बच्या आंबट देठांचा गोड पाई खाऊन आले. गावाने अर्ज केला आणि क्रेगरांनी हरकत घेतली नाही असं झालं असतं, तर लोक म्हणाले असते की ऑर्फा एक तर मेली किंवा गावावर रुसली.

तुझ्या त्या समितीत सगळे इथलेच ना? मग ते तुझ्याकडे बघत होते ते तू पांढरी का पडलीस म्हणून.

पुढच्या रविवारी जेवायला ये. आणि एवढं सांग, उडी मारणारी कुत्री आणि पोहणारी पोरं तुमच्या मजेत धरलीत का? मी ऐकलं की कायदा फक्त नावा मोजतो.

आत्या

*

हार्लो बेंड
९ एप्रिल

प्रिय आत्या,

मटण फारच छान झालं होतं, आणि मी फारच मूर्ख ठरले होते. दोन्ही गोष्टी डेल गावभर सांगतोय. तुमचं बरोबर आहे, कुत्री आणि पोरं मोजत नाहीत. नावाच.

आता एक अडचण. आजवरचं सगळं सुरळीत होतं, पण घोडं कुठे पेंड खातंय ते परवा कळलं. इंजिनिअर नदीत उतरून मापं घेत होता. बेटाच्या वरच्या टोकाला नदी फुटते ना, तिथून जवळजवळ निम्मं पाणी बेटामागच्या फाट्यात शिरतं आणि आमच्या लाटांना वळसा घालून खाली पुन्हा नदीला मिळतं. शहराच्या वकिलाने ते लगेच धरलं. हा माणूस नाकाने कांदे सोलतो, पण मुद्दा खरा आहे: "जे पाणी तुमच्या दगडांतून जातच नाही, ते तुम्ही आवरलेलं नाही. आणि जे आवरलेलं नाही त्यावर हक्क नाही." म्हणजे चारशेचे दोनशे होणार. दोनशेत लाटा कशाबशा गुडघ्याएवढ्या होतात. वरचे दोनशे शहराला मोकळे.

उपाय एकच. फाट्याचं तोंड दगडांनी बंद करायचं म्हणजे सगळं पाणी लाटांवरून जाईल. मी नकाशा काढून बघितला. बेट आणि त्यामागचा काठ अजून तुमच्या नावावर आहे, तुमच्या आजोबांच्या पहिल्या घराची जागा. तिथे ना गुरं आहेत ना गवत. म्हणून मी समितीला सांगून टाकलं की आत्या नाही म्हणणार नाहीत.

सही करायचा कागद सोबत आहे.

थीया

*

हार्लो बेंड
१७ मे

प्रिय आत्या,

उत्तर नाही. डेल बिजागरी लावायला आला तेव्हा तुम्ही त्याच्याशी हवामानाबद्दल बोललात, गाईबद्दल बोललात, आणि त्याने फाट्याचं नाव काढल्यावर म्हणे कोंबड्या मोजायला गेलात. तुमच्याकडे कोंबड्या नाहीत.

आता मी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मंगळवारी शहराच्या पाणी खात्याची पांढरी गाडी तुमच्या फाटकात उभी होती. टपालवाल्याने बघितली, म्हणजे सगळ्या गावाने बघितली. बेट त्यांना विकताय का? विकायचं तर तुमचा हक्क आहे, पण मला टपालवाल्याकडून कळू नये.

सुनावणी जूनअखेर आहे.

थीया

*

क्रेगर रँच
२२ मे

थीया,

आला होता तो. पाईचे दोन तुकडे खाल्ले आणि बेटासाठी किंमत सांगितली. मी म्हटलं, "एवढ्याशा खडकाला एवढे? तुमच्या शहरात खडक नाहीत का?" तो हसला नाही. त्या खात्यात हसायला बंदी असावी. मी विकत नाहीये. कोणालाच. टपालवाल्याला हेही सांगून ठेव.

फाट्याचं म्हणशील तर घाई कसली. तिथे बगळे येतात. शिवाय दगड टाकले की पुरात बेट खचतं असं माझे वडील म्हणायचे, निदान म्हणाले असते. आणि माझा गुडघा दुखतोय, सही करायला बसवत नाही.

रुबार्ब आलाय, घेऊन जा.

आत्या

*

हार्लो बेंड
३० मे

प्रिय आत्या,

गुडघ्याने सही करणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. म्हणून रविवारी नाव घेऊन बेटामागे गेले, खरं कारण शोधायला. तुम्हाला न विचारता गेले, रागवा.

फाट्याच्या मधोमध तो सपाट खडक आहे. त्यावर ट्रॅक्टरच्या दोन लोखंडी सीटा बोल्टने ठोकलेल्या, शेजारी शेजारी, तोंडं खालच्या वळणाकडे. एक गंजून तांबडी झालेली. दुसरीवरचा गंज बसून बसून पुसला गेलाय. मी त्या दुसरीवर बसले. पाय बरोबर पाण्यात येतात, घोट्याच्या वर.

डेलला विचारलं. तो म्हणाला, "लॉइड काका आणि आत्याची जागा ती. गवत कापून झालं की दोघं तिथे जाऊन पाय सोडून बसायचे. काका गेल्यावर ती एकटी जाते. तुला माहीत नव्हतं?" मला कसं माहीत असणार, या घरात पाण्याचं सगळं कागदावर असतं आणि हे एवढं एक नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. मी तुमच्या बसायच्या जागेवर दगड टाकायची परवानगी मागत होते, तीही सही करायचा कागद जोडून.

काल मी समितीला सांगितलं की फाट्याचा विषय बंद. शहराने दोनशे क्युसेकवर तडजोड देऊ केलीय, ती घ्यावी असं मीच सुचवलं. दुकान तगेल न तगेल, बघू. वायोमिंग काही चंद्रावर नाही. तो सही न केलेला कागद चुलीत घाला.

रुबार्बला शनिवारी येते.

थीया

*

क्रेगर रँच
२ जून

थीया,

शनिवारपर्यंत थांबू नकोस. हे पत्र मिळेल त्याच दिवशी समितीकडे जा आणि सांग की तू उन्हात फिरून आली होतीस, तुझं बोलणं धरू नये. दोनशे क्युसेक म्हणे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या माणसाला अर्धी नदी द्यायला तुझ्या बापाची आहे का ती?

मला राग आलाय, आणि तुझ्यापेक्षा माझाच जास्त आलाय. मी कोंबड्या मोजत बसले आणि तू डेलला वायोमिंगला पाठवायला निघालीस. माझ्या भावाचा एकुलता एक मुलगा तो. लॉइड गेल्यापासून माझ्या दाराची बिजागरी लावायला दुसरं कोण येतं?

म्हणून मी काल तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन कायदा वाचला. तिथल्या बाईने मोठ्या अक्षरांत छापून दिला. नदीत पाय सोडून बसणं ही कायद्याच्या लेखी मजा नाही. बिनइंजिनाची नाव ही मजा आहे. आणि कोणा एका बाईला असला हक्क मिळत नाही, गावाला मिळतो. म्हणजे इतकी वर्षं मी आणि लॉइड तिथे बेकायदा नाही तरी बिनकायदा बसलो होतो.

तेव्हा माझ्या अटी. फाट्याचं तोंड बंद करा. बेट माझंच राहील. दोन्ही सीटा त्या खडकावरून काढायच्या, तुझ्या मोठ्या नावेच्या लोखंडी सांगाड्यावर शेजारी शेजारी बसवायच्या, आणि दर वर्षी गवत कापून झालं की गावाने मला त्यात बसवून दोन्ही लाटांवरून न्यायचं. मी जिवंत असेपर्यंत. हे समझोत्यात लिहा आणि त्यावर न्यायाधीशाची सही घ्या. नुसता शब्द नको. तुझा चालतो, पण गावाच्या पुढच्या समितीचा मला भरवसा नाही.

इतकं झालं की माझी हरकत मागे.

आत्या

*

हार्लो बेंड
१४ एप्रिल

प्रिय आत्या,

हुकूमनामा आला. चारशे क्युसेक, एक एप्रिलपासून सप्टेंबरच्या कामगार दिनापर्यंत, आणि तारीख आमच्या अर्जाच्या वर्षाची. शहर आमच्या मागे. डेलने बातमी ऐकली आणि दुकानाचा मागचा दरवाजा रंगवायला घेतला. तीन वर्षं मी त्याच्या मागे लागले होते.

तुमची अट जशीच्या तशी आहे. गावाचा वकील म्हणाला होता, "असलं कलम मी आयुष्यात लिहिलेलं नाही." शहराचा वकील म्हणाला, "हा पोरखेळ आहे." न्यायाधीशबाईंनी ते सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अर्जदार गावाने एवढ्या बैठकांत किती माणसं नाव चालवतात याचे कागद दिले. मला नावानिशी प्रवासी असलेली ही पहिलीच नाव दिसतेय. या बाई पोहतात का?" मी म्हटलं, "हरकत घेतात, बाई. पोहण्याचं माहीत नाही." खुद्द शहराचा वकील हसला. बंदी उठली असावी.

गेल्या शरदातच फाट्यात दगड पडले. सीटा मी स्वतः काढल्या, कोणाला हात लावू दिला नाही. गंज घासला नाही, तसाच ठेवलाय. तरंगायचं जॅकेट कोणत्या रंगाचं हवं?

थीया

*

क्रेगर रँच
२३ जुलै

थीया,

जॅकेट गळ्याशी घट्ट होतं. पुढच्या वर्षी एक माप मोठं आण. तुझं वल्हवणं चांगलं आहे. डेलने पुलावरून एवढा आरडाओरडा करायची गरज नव्हती, मी बहिरी आहे असं गावाला वाटेल.

तू परत निघताना दोनदा विचारलंस, "आत्या, बऱ्या आहात ना? काकांची आठवण आली ना?" आणि मी जॅकेटचं बक्कल काढत बसले. समोर बोलता येत नाही मला. म्हणून लिहिते.

तुम्हा सगळ्यांना वाटतं की फाटा ही माझी आवडीची जागा होती. मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं. खरं असं आहे की लॉइडला पाण्याची भीती होती. बर्फातून रानटी घोडा आणणारा माणूस, पण नदी बघितली की ओठ पांढरे व्हायचे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला म्हटलं, "चल, ट्रकच्या ट्यूबवर बसून मधल्या धारेतून जाऊ." तो घोट्यापर्यंत आला आणि थरथरायला लागला. मी हसले. दुसऱ्या दिवशी त्याने दोन सीटा आणून फाट्यात ठोकल्या. म्हणाला, "ऑर्फा, इथे बसू. इथलं पाणी माणसाळलेलं आहे." तो माझ्यासाठी पाण्यात इतकं आला, मग मी पुढे जायचं नाव कसं काढणार? मी बसले. तो गेल्यावर मोकळी होते, तरी बसले. त्याला एकटं टाकून नदीत गेले असं व्हायला नको म्हणून.

बेटाच्या पलीकडून लाटांचा आवाज यायचा, पोरींचे चीत्कार यायचे, आणि मी पाय हलवत बसायची.

आज तुझ्या पहिल्या लाटेवर नाव उचलली गेली आणि पाणी छातीवर आलं, तेव्हा मी ओरडले. घाबरून नाही. मला इतका आनंद झाला, थीया, की मी शेजारच्या सीटकडे बघायला विसरले. मग बघितलं. ती ओली झाली होती, काठोकाठ पाणी साचलं होतं तिच्यात, आणि मला रडू आलं. ते तोंडावर उडालेलं पाणी नव्हतं.

दुसऱ्या लाटेनंतर तू विचारलंस, "काठाला लावू का?" मी नाही म्हणून मान हलवली, तुला वाटलं मला थंडी भरली. थंडी नव्हती. मला वर जाऊन परत एकदा यायचं होतं, आणि लॉइडच्या देखत ते बोलायची लाज वाटली.

आत्या